कॉम्प्युटर दुरुस्त झाला, हिसाब मात्र गेला

मालेगावात सुताचा आणि कच्च्या कापडाचा व्यापार करताना आम्ही अनेक प्रकारचे नुकसान सोसले आहे. सुताचे भाव रातोरात पडले, उधारीवर माल नेणारी पार्टी बुडाली, पावसाळ्यात गोदामात तागे भिजले. परंतु सप्टेंबर २०१९ मध्ये झालेले नुकसान या सर्वांपेक्षा निराळे होते. त्यात पेढीवरून एक मीटर कापड गेले नाही की गल्ल्यातून एक रुपया गेला नाही. तरीही ते भरून काढता काढता आमचे पाच महिने गेले. व्यापारी बंधूंना आणि कारीगर बांधवांना त्यातून काही धडा घेता यावा म्हणून तो प्रसंग येथे सांगत आहोत.

त्या महिन्याच्या नऊ तारखेला सकाळी पेढीवरचा कॉम्प्युटर सुरू होईना. अकरा तारखेपर्यंत विक्रीचे जीएसटी विवरण भरायचे होते. आम्ही घाईघाईने दुरुस्तीच्या एका दुकानात निरोप धाडला. तिथला मुलगा आला, पाच मिनिटे बघितले आणि म्हणाला, "चाचा, विंडोज उडाली आहे. नवी टाकून देतो, दोन तासांचे काम. आत काही ठेवायचे आहे का?" आमच्या भाच्याने गल्ल्यावर बसल्या बसल्याच उत्तर दिले, "हिसाब 'डी'मध्ये आहे, 'सी' साफ करून टाक." दोन तासांत कॉम्प्युटर सुरू झाला. आम्ही मजुरी दिली, चहा पाजला. संध्याकाळी टॅली उघडायला गेलो तेव्हा कळले की हिसाब 'सी'मध्येच होता. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यापासूनची सव्वादोन वर्षांची खाती पुसली गेली होती.

विक्रीची बिले जीएसटीच्या पोर्टलवरून मिळाली, बँकेचा व्यवहार बँकेने दिला, मार्च २०१८ ची बॅलन्सशीट सीए साहेबांकडे छापील होती. जे कुठेच नव्हते ते म्हणजे मागवाल्यांच्या मजुरीचे खाते: कोणाला किती बीम दिले, किती तागे आले, किती पेशगी गेली, किती बाकी राहिली. ज्यांच्याकडे स्वतःची वही होती त्यांचा आकडा आम्ही मान्य केला. परंतु एका कारीगराच्या घरी वहीच नव्हती. बारा वर्षे ते आमचे कापड विणत होते आणि "तुमच्या कॉम्प्युटरात आहे ना, मग पुरे" असे म्हणत. त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले होते. त्यांच्या पत्नी बाकी विचारायला पेढीवर आल्या तेव्हा त्यांना सांगायला आमच्याजवळ आकडा नव्हता.

चूक त्या मुलाची होती तशी आमचीही होती. त्याने एकदा विचारले आणि न बघता पुसले. आम्ही न बघता उत्तर दिले आणि सव्वादोन वर्षांत एकदाही दुसरी प्रत काढून ठेवली नाही. त्यानंतर आम्ही हा विषय समजून घेतला.

मशीन वेगळी, हिसाब वेगळा

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की कॉम्प्युटरची दुरुस्ती ही दोन निरनिराळी कामे आहेत. एक मशीन चालू करणे आणि दुसरे आतला हिसाब सांभाळणे. मशीन बाजारात मिळते, हिसाब मिळत नाही. पण आपण दुकानात जाऊन "चालू करून द्या" एवढेच म्हणतो, आणि दुरुस्ती करणारा तेवढेच करतो. कंपनीच्या वॉरंटीचा कागद वाचून पाहावा. मशीन व सुटे भाग यांची हमी त्यात असते. आतल्या माहितीची जबाबदारी ग्राहकावर टाकलेली असते.

टॅलीचा जन्मच आपल्यासारख्यांच्या गरजेतून झाला आहे. श्यामसुंदर गोएंका हे कापड गिरण्या व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. आपल्या धंद्याचा हिसाब नीट ठेवील असे सॉफ्टवेअर त्यांना बाजारात सापडले नाही, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या आपल्या मुलाला, भरत गोएंका यांना ते तयार करायला सांगितले. त्यातून १९८६ मध्ये बंगळुरूची ती कंपनी उभी राहिली, आणि २०२० मध्ये भरत गोएंका यांना पद्मश्री मिळाली. व्यापाऱ्याला हिसाब किती प्यारा असतो ते यावरून कळावे.

पूर्वी कॉम्प्युटर बंद पडला तर वहीत लिहून काम चालत असे. आता तसे राहिले नाही. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना व्यापाऱ्याला दिलेले बिलही सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते. कॉम्प्युटर बंद म्हणजे पाली-बालोतऱ्याला निघालेला ट्रक दारात उभा.

नेहमीचे बिघाड

बहुतेक बिघाड साधे असतात आणि त्यांची कारणे आपल्याच जागेत असतात.

आपल्या भागातले पहिले कारण रुई. मागातून उडणारी रुई पंख्यात आणि प्रोसेसरवरच्या जाळीत अडकून गादी तयार होते. हवा अडली की प्रोसेसर तापतो, मशीन आधी मंद होते आणि मग आपोआप बंद पडते. अनेक जण याला व्हायरस समजून विंडोज बदलून घेतात. दर तीन महिन्यांनी मशीन बंद करून, वायर काढून, ब्लोअरने साफ करावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून खराब होते.

दुसरे कारण वीज. मशीनच्या आतला एसएमपीएस हा २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. विजेचा दाब सतत वरखाली झाला तर पहिला तोच जातो, आणि कधीकधी मदरबोर्डलाही घेऊन जातो. अर्थिंग नीट आहे का हे वायरमनकडून मीटर लावून बघावे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला तर आधी वायरिंग दुरुस्त करावे, मग मशीन. छोटा यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी नसतो. तो फाइल जतन करून मशीन नीट बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटे देतो. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत संपते. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवर जोडू नये. तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो.

तिसरा बिघाड गमतीचा आहे. सकाळी मशीन सुरू होते, पण जीएसटीचे पोर्टल उघडत नाही, बँकेची साइट "सुरक्षित नाही" असे सांगते. कारण काय, तर मदरबोर्डवरची बटन बॅटरी संपल्याने मशीनची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. साइटच्या सुरक्षिततेचा दाखला ठरावीक तारखांपुरता असतो आणि मशीनला आजची तारीखच माहीत नसते. शंभर रुपयांच्या आतल्या या बॅटरीऐवजी लोकांनी नवी विंडोज टाकून घेतल्याचे आम्ही पाहिले आहे. म्हणून साइट उघडली नाही तर प्रथम कोपऱ्यातली तारीख बघावी.

चौथा, मशीन सुरू होते, पंखा फिरतो, पण पडद्यावर काही येत नाही आणि आतून बीप-बीप आवाज येतो. पुष्कळदा रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात मळलेले असतात. पट्टी काढून खोडरबराने पुसून परत बसवली की काम होते.

हे सांगण्याचा हेतू असा नाही की प्रत्येकाने स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा. मागाचा मालक स्वतः जॉबर नसतो, पण धोटा का अडकतो हे त्याला कळते, म्हणून त्याला कोणी फसवत नाही. तेवढी समज येथेही असावी.

हार्ड डिस्क: येथे घाई करू नये

आतला हिसाब ज्या डब्यात राहतो ती हार्ड डिस्क. जुन्या प्रकारात एक चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या फिरते आणि तिच्यावर केसापेक्षाही कमी अंतरावरून वाचणारे टोक सरकत असते. त्या डिस्कमधून टक-टक आवाज येऊ लागला तर मशीन ताबडतोब बंद करावी आणि पुन्हा सुरू करून "बघू तरी" असे करू नये. टोक चकतीला घासत असेल तर प्रत्येक वेळी थोडा हिसाब खरवडला जातो. अशी डिस्क धूळविरहित खोलीत उघडावी लागते. ते गल्लीतल्या दुकानाचे काम नाही.

डिस्क चांगली असून फाइल पुसली गेली असेल तर आशा असते. पुसणे म्हणजे वहीची पाने फाडणे नव्हे, केवळ अनुक्रमणिकेतून नाव खोडणे. पाने तशीच असतात, पण आता ती कोरी समजली जातात आणि त्यांवर नवे लिहिले जाऊ शकते. म्हणून फाइल गेली असे कळताच त्या मशीनवर काहीही करू नये. आमचे नेमके येथेच चुकले. 'सी'वर नवी विंडोज आधीच पडली होती, वर दोन दिवस आम्ही त्याच मशीनवर बिले बनवत राहिलो. तिसऱ्या दिवशी डिस्क नाशिकला नेली तेव्हा अर्धवट तुटक्या फाइलींखेरीज हाती काही आले नाही.

आताच्या एसएसडीत चकती नसते. ती वेगवान आहे, धक्क्याने बिघडत नाही, जुन्या मशीनमध्ये घातली तरी मोठा फरक पडतो. परंतु तिच्यात पुसलेली जागा मशीन स्वतःच लवकर रिकामी करून टाकते. त्यामुळे एसएसडीवरून पुसलेला हिसाब परत मिळण्याची आशा फारच कमी असते. डिस्क जितकी नवी, तितकी दुसरी प्रत जास्त गरजेची.

छापखानेवाल्या बंधूंना वेगळे सांगायचे आहे. श्रीलिपीत केलेली मराठी मजकुराची आणि इनपेजमध्ये केलेली उर्दूची जुनी कामे त्या त्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टवर व पद्धतीवर चालतात. मशीन साफ करताना फॉन्ट गेले तर फाइल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक खुणा दिसतात. म्हणून फाइलींबरोबर फॉन्ट, सॉफ्टवेअरची मूळ डिस्क आणि कुलूप, म्हणजे डोंगल, यांचीही जपणूक करावी. शक्य तितका मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवावा.

दुरुस्ती करणाऱ्याला मशीन देताना

मुनीम ठेवताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. ज्याच्या हाती सारा हिसाब जातो त्या दुरुस्ती करणाऱ्याची मात्र आपण चौकशी करत नाही. पुढील गोष्टी पाळाव्यात.

एक, मशीन हाती देण्यापूर्वी हिसाब कुठे आहे हे स्वतः बघावे. टॅलीत कंपनी निवडताना वर डेटाचा मार्ग लिहिलेला दिसतो. तो एका कागदावर उतरवून मशीनला चिकटवून ठेवावा. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलीही साधारणपणे 'सी'मध्येच असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दोन, पावती घ्यावी. तीत मशीनचा आणि हार्ड डिस्कचा नंबर, रॅम किती, तक्रार काय आणि "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" हे लिहून घ्यावे. प्रामाणिक कारीगराला या पावतीचा राग येत नाही, कारण ती त्यालाही वाचवते. बदललेला जुना भाग परत मागावा.

तीन, जीएसटीचा पासवर्ड, बँकेचा पासवर्ड आणि डिजिटल सहीचा टोकन मशीनबरोबर देऊ नये. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाकावेत. आलेला ओटीपी कोणालाही, ओळखीच्या मुलालाही, सांगू नये.

चार, फोनवरून दुरुस्ती करण्यासाठी एनीडेस्कसारखे सॉफ्टवेअर वापरतात. सोय चांगली आहे, आम्हीही वापरतो. पण फोन आपण केलेला असावा. "बँकेतून बोलतो, कंपनीतून बोलतो, हे डाऊनलोड करा" असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना या प्रकाराविषयी सावध केले होते. तरीही पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिले काही तास मोलाचे असतात. रक्कम पुढे सरकण्याआधी रोखता येऊ शकते.

पाच, दोन-चार मशीन असतील तर वार्षिक देखभालीचा करार करावा. तो दोन प्रकारचा असतो: एकात केवळ मजुरी येते, दुसऱ्यात सुटे भागही येतात. कुठलाही असो, बोलावल्यावर किती तासांत येणार, मशीन नेली तर बदली देणार का आणि दुसरी प्रत काढण्याचे काम करारात आहे का, हे तीन प्रश्न लेखी स्वरूपात सोडवावेत. सर्वांत स्वस्त करारात बहुधा हेच तीन मुद्दे नसतात.

चोरीचे सॉफ्टवेअर

दुरुस्तीच्या वेळी "फुकटची विंडोज" आणि "कुलूप तोडलेली टॅली" टाकून घेण्याची सवय आपल्या बाजारात फार आहे. हा दुसऱ्याच्या मेहनतीचा माल आहे, ही गोष्ट व्यापाऱ्याला समजावून सांगावी लागू नये. वर त्यात तोटाही आहे. कुलूप तोडणाऱ्या फाइलीतच पुष्कळदा किडा लपलेला असतो, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येऊ नयेत म्हणून अपडेट बंद करून ठेवलेले असतात.

अपडेटची किंमत काय असते ते मे २०१७ मध्ये दिसले. वॉनाक्राय नावाच्या किड्याने जगभर लाखो मशीनमधल्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली ते बचावले.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ७ ची तर जानेवारी २०२० मध्येच थांबली होती. आपल्या पेढीवर कोणती आहे ते आजच बघावे. फार जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. तेव्हा नवी मशीन घ्यावी लागेल का, हे आता ठरवावे, विवरणाच्या आदल्या दिवशी नव्हे.

दुसरी प्रत

या सर्व लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. हिसाबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक पेढीच्या बाहेर असावी. एक प्रत मशीनमध्ये, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी घरी किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. आग, पाणी किंवा चोरी एकाच वेळी दोन्ही ठिकाणी सहसा होत नाही.

प्रत काढल्यावर ती डिस्क मशीनपासून काढून ठेवावी. लावलेलीच राहिली तर खंडणीचा किडा तिलाही कुलूप लावतो. आमच्याकडे शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून गुरुवारी संध्याकाळी प्रत काढून डिस्क घरी नेण्याचा नेम आम्ही केला आहे. दोन डिस्क आहेत. एका आठवड्यात एक, दुसऱ्या आठवड्यात दुसरी.

दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघतो. हे फार महत्त्वाचे आहे. न उघडून पाहिलेली प्रत ही न तपासलेल्या गाठीसारखी असते; आत काय निघेल ते सांगता येत नाही. कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिसाबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. "कॉम्प्युटर बिघडला होता" हे तिथे उत्तर होत नाही.

आणखी एक पथ्य आम्ही पाळतो. मजुरीचा हिसाब दर महिन्याला छापून प्रत्येक मागवाल्याच्या हाती देतो आणि त्याची सही घेतो. कॉम्प्युटर आमचा असला तरी त्यातली बाकी त्याची आहे. ती आमच्याकडे अमानत आहे.

या धंद्यात येणाऱ्या मुलांसाठी

आपल्या वस्तीतली अनेक हुशार मुले मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत उतरत आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. एमएस-सीआयटी केले म्हणजे कॉम्प्युटर वापरता येतो, दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा वेगळा अभ्यासक्रम आहे. तो करावा किंवा चांगल्या उस्तादाच्या हाताखाली दोन वर्षे काढावीत. छोट्या दुकानदाराला दरमहा येऊन प्रत काढून देणारा, मशीन साफ करून यूपीएस तपासून जाणारा माणूस हवा आहे. बिघाडाची वाट पाहणाऱ्यापेक्षा बिघाड होऊ न देणाऱ्याला कायमचे गिऱ्हाईक मिळते.

आणि स्क्रू उघडण्याआधी "हिसाब कुठे आहे, मला दाखवा" असे म्हणावे. मालकाने तोंडी सांगितले तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुसू नये. ज्या मुलाने आमचा हिसाब पुसला तो आता स्वतःचे दुकान चालवतो, आणि प्रत घेतल्याशिवाय कोणाच्याही मशीनला हात लावत नाही. आमच्या पेढीची देखभालही आज तोच करतो.

त्या कारीगराच्या पत्नींचे काय झाले ते सांगायचे राहिले. सायझिंगवाल्यांकडे बीमच्या चिठ्ठ्या सापडल्या. त्यांवरून किती कापड विणले गेले असेल त्याचा अंदाज बांधला, पेशगी कमीत कमी धरली आणि निघाली ती रक्कम त्यांच्या हाती दिली. त्यांनी मोजलीही नाही. "तुम्ही बघितलेच असेल" एवढेच म्हणाल्या. तो आकडा बरोबर होता असे आम्ही आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.